सविताताईंची अकरा हजार नावांची यादी

सविता शेजवळ नाशिकला द्वारकेवरच्या आमच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. साल दोन हजार एक. मी तिथे प्रोग्रॅमर म्हणून चार वर्षांनी आले, त्यामुळे सुरुवातीचं जे सांगते आहे ते काही त्यांच्याकडून आणि काही मयूरकडून ऐकलेलं. मयूर म्हणजे आमच्याकडचा तेव्हाचा मुख्य प्रोग्रॅमर. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे मी सविताताईंचं धरलं आहे, कारण त्यांच्या तारखा चुकत नाहीत.

त्यांचे वडील धोंडीराम शेजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. घर नाशिकरोडच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं. मुलीने बी.ए. केलं, मग ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि त्र्याण्णव साली शहरातल्या एका वाचनालयात तात्पुरत्या जागेवर लागली. काम कार्डांचं. एक पुस्तक आलं की त्याची तीन कार्डं करायची, एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं, आणि ती लाकडी खणांत आपापल्या जागी लावायची. सहा वर्षं त्यांनी हे केलं. नव्याण्णव साली वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि सगळी कार्डं त्यात भरायचं काम त्यांच्याकडेच आलं. बावीस हजार पुस्तकं होती. चौदा महिन्यांत त्यांनी ती भरली आणि भरून झाल्यावर, आता या जागेची गरज उरली नाही, असं पत्र त्यांना मिळालं.

"माझं काम मीच संपवलं," असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. त्यात तक्रार नव्हती. वडील त्याआधीच गेले होते. घरात आई चंद्रभागाबाई आणि या, दोघीच. चौदा महिन्यांत टायपिंगचा हात चांगला बसला होता, त्या जोरावर आमच्याकडे नोकरी लागली.

आमची कंपनी म्हणजे द्वारका चौकात टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मालक अमितसर. आम्ही बाजार समित्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. त्यातलं सगळ्यात चालणारं काम होतं गेटवरच्या नंबराचं. कांद्याची गाडी बाजाराच्या गेटवर आली की तिथला माणूस गाडीचा नंबर आणि गावाचं नाव टाकतो, छापलेली चिठ्ठी निघते, आणि त्या चिठ्ठीच्या क्रमाने लिलाव होतो. आधी कोण आलं यावरून भांडणं व्हायची ती त्यामुळे थांबली होती. हे सॉफ्टवेअर बागलाणात नामपूरला चालू होतं. सविताताईंनी त्याचं मराठी माहितीपुस्तक टाइप करायचं, एवढंच त्यांचं काम.

दोन हजार चार सालच्या मे महिन्यात नामपूरला नवी आवृत्ती पाठवायची होती. ती सीडीवरून जायची. एका प्रोग्रॅमरने पाठवण्याआधी फोल्डर जरा साफ केला. नको आहेत असं वाटलं त्या काही फाइली काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन आला. गेटवरचा ऑपरेटर रवी बोलत होता.

"मशिन चालू शे, पन चिठ्ठी निंघत नही," तो म्हणाला. "इंग्रजीमां काहीतरी लिही येस."

ते इंग्रजी त्याने अक्षर अक्षर वाचून दाखवलं. मयूरने लिहून घेतलं. अर्थ असा होता की अमुक नावाचा क्लास सापडत नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, हजारो लहान तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्याला क्लास म्हणतात आणि प्रत्येकाला स्वतःचं लांबलचक नाव असतं. हे तुकडे सुटे ठेवत नाहीत, गठ्ठ्यांत बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला जार म्हणतात. बरेचसे जार आपण लिहिलेले नसतात, जगात कुणीतरी लिहून ठेवलेले आपण वापरतो. आमच्या फोल्डरमध्ये असे चौऱ्याऐंशी जार होते. ते चार वर्षांत निरनिराळ्या लोकांनी आणून टाकलेले, आणि त्यातले निम्मे लोक नोकरी सोडून गेलेले. मशिन क्लासचं नाव सांगतं. तो कोणत्या जारमध्ये असतो ते सांगत नाही. आणि जारच्या नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागेलच असं नाही.

मयूर जुन्या सीडीवरचे जार एकेक उघडून त्यात ते नाव शोधायला लागला. एका जारमध्ये दोनशे नावं, दुसऱ्यात नऊशे. नामपूरहून दर वीस मिनिटांनी फोन. गेटबाहेर तीनशे गाड्या उभ्या होत्या आणि चिठ्ठ्या हाताने लिहायला घेतल्यामुळे एकच नंबर दोघांना गेला होता. सविताताईंचं टेबल मयूरच्या शेजारी. त्या बराच वेळ बघत होत्या.

"हे नाव कुठे आहे याची यादी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"यादी नाहीये, ताई."

"मग नवीन माणूस आला की त्याला कसं कळतं?"

"नाही कळत. तो शोधतो."

एकसष्टाव्या जारमध्ये नाव सापडलं. तेव्हा पाऊण वाजला होता. तो जार सीडीवर घालून एका माणसाला एसटीने पाठवला, तो पोचेपर्यंत त्या दिवसाचे लिलाव हातच्या चिठ्ठ्यांवरच उरकले होते.

दुसऱ्या दिवशी सविताताईंनी दोनशे पानी वही आणली. माहितीपुस्तकाचं काम सांभाळून मधल्या वेळात त्या एकेक जार उघडायच्या आणि आतली नावं वहीत उतरवायच्या. तीन दिवसांत तीन जार झाले, चारशे बारा नावं. चौथ्या दिवशी मयूरचं लक्ष गेलं.

"हे तुम्ही हाताने लिहिताय?"

"मग कसं लिहू?"

त्याने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून दाखवली. जारमधली सगळी नावं भराभर पडद्यावर आली.

"ही नावं पडद्याऐवजी फाइलमध्ये जातील का?"

त्याने त्याच ओळीच्या शेवटी एक कोनाचं चिन्ह आणि फाइलचं नाव घातलं. गेली. सविताताईंनी वही मिटली. "हे चिन्ह सोमवारी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नव्हतं."

जून आणि जुलैमध्ये यादी झाली. अकरा हजार दोनशे सहा नावं, अक्षरक्रमाने. प्रत्येकापुढे जारचं नाव आणि जारची तारीख. कुणी कशासाठी काय आणून बसवलं हे जेवढं कळलं तेवढं जारच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, आणि कळलं नाही तिथे 'माहीत नाही' असं स्वच्छ लिहिलं. एकशे नव्वद पानं छापून निघाली. आमचा प्रिंटर सुया आपटत छापणारा, त्याला अख्खी दुपार लागली. अमितसर आतून बाहेर आले.

"हे कशाचं छापताय, ताई?"

"कोणता क्लास कोणत्या जारमध्ये आहे, त्याची यादी."

"कुणी सांगितली?"

"कुणी नाही."

सर पानं चाळून आत गेले. माहितीपुस्तक वेळेत झालेलं होतं, त्यामुळे त्यांना पुढे बोलता आलं नाही.

यादी अक्षरक्रमाने लावल्यावर एक गोष्ट वर आली, ती मयूरलाही माहीत नव्हती. तीनशे सतरा नावं दोन-दोन ठिकाणी होती. काही तर तीन. सविताताईंनी त्याला विचारलं, "एकच नाव दोन जारमध्ये असलं तर मशिन कुठलं घेतं?"

"कार्यक्रम चालू करायच्या ओळीत जो जार आधी लिहिलाय, त्यातलं. मिळालं की पुढे बघतच नाही."

"आणि दोन्ही सारखे नसले तर? एक जुना, एक नवा?"

मयूरने जरा विचार केला. "मग अवघड आहे," तो म्हणाला.

त्या तीनशे सतरा नावांखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली.

पुढच्या जानेवारीत मयूर पुण्याला गेला. चांगली नोकरी मिळाली होती. त्याच्या जागी आलेल्याने चिठ्ठीवर बारकोड छापण्यासाठी एक नवा जार आणला. पंच्याऐंशीवा. तो सविताताईंकडून गेला नाही, कारण तसा नियम नव्हता. बारा एप्रिलला नवी आवृत्ती नामपूरला बसवली; गाड्यांची नोंद होत होती, पण चिठ्ठी छापणं बंद पडलं. बसवणारा त्याच संध्याकाळी बहिणीच्या लग्नासाठी नागपूरला गेला. अमितसर मुंबईला. तेरा तारखेला सकाळी सात वाजता त्यांनी सविताताईंच्या शेजारच्या घरी फोन केला.

"ऑफिसात दुसरं कुणी नाहीये. तुम्ही फक्त जुनी सीडी घेऊन जा आणि जुनं होतं तसं करून या."

"जुनं बसवलं तर नव्यातली कालची नोंद जाईल ना?"

"ते नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. वसाहतीत जयंतीची तयारी चाललेली, विहाराच्या सजावटीतलं अर्धं काम सविताताईंकडे. त्यांनी ते शेजारच्या लताबाईंकडे दिलं, द्वारकेवर जाऊन सीडी आणि यादीच्या छापील पानांची फाइल घेतली, सटाण्याची गाडी पकडली आणि पुढे जीपने नामपूर गाठलं. साडेअकरा झाले होते. उद्या बाजार बंद, म्हणून आज गाड्या दुप्पट. रस्त्याच्या दोन्ही कडेला ट्रॅक्टर उभे. ऊन चढलेलं, आणि माणसं ट्रॉलीच्या सावलीत बसलेली.

गेटवरच्या खोलीत रवी होता. त्याने आधी त्यांच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"तुम्ही इंजिनेर शेतस का?"

"नाही. टायपिस्ट."

रवीने उठून खुर्ची दिली. हे मला रवीनेच पुढे सांगितलं, आणि हेही सांगितलं की तेव्हा त्याला रडू येईल असं वाटलं होतं. सकाळपासून लोक त्याला शिव्या घालत होते.

मशिनवर या वेळी वेगळा संदेश होता. क्लास सापडला होता, पण त्याच्याकडे जे काम मागितलं ते त्याला येत नव्हतं. सविताताईंना त्यातलं इंग्रजी सगळं कळलं असं नाही. क्लासचं नाव मात्र दिसलं. त्यांनी फाइल उघडून ते यादीत काढलं. लाल रेघ नव्हती. यादीप्रमाणे ते एकाच जारमध्ये होतं.

मग त्यांनी यादीत नसलेल्या त्या पंच्याऐंशीव्या जारवर मयूरने दाखवलेली ओळ चालवली. नावं पडद्यावर आली. तेच नाव तिथे होतं. बारकोडचा जार करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी त्या क्लासची प्रत आत बांधून दिली होती, आणि फाइलीवरची तारीख तीन वर्षं जुनी होती.

चालू करायची ओळ एका साध्या फाइलीत असते. त्यांनी ती उघडली. नवा जार ओळीच्या अगदी सुरुवातीला लिहिलेला होता. त्यांनी तो तिथून कापला आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवला. आधी मूळ फाइलीची प्रत करून ठेवली होती.

"आता चालू करून बघा," त्या रवीला म्हणाल्या.

रवीने एका पिकअपचा नंबर टाकला. चिठ्ठी निघाली. बारकोडसकट.

"आन् काय करं तुम्ही?" त्याने विचारलं.

"काही नाही. याची जागा बदलली."

त्या लगेच निघाल्या नाहीत. चाळीस गाड्या होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या, कारण आपण केलं ते टिकेल याची त्यांना खात्री नव्हती. मला म्हणाल्या, "मला ते का चाललं हे कळत होतं. पण दुसरं काही बिघडलं असेल तर ते मला कळलं नसतं. त्याची भीती वाटत होती." रवीने कुठून तरी भेळ आणि चहा आणला. दोनच्या सुमारास त्या परतीला लागल्या आणि सातच्या आत विहारात पोचल्या.

अमितसर मुंबईहून आल्यावर त्यांना बोलावून म्हणाले, "चांगलं केलंत. पण मला विचारून करायचं होतं."

"तुमचा फोन लागत नव्हता."

"हं."

"सर, इथून पुढे नवा जार माझ्याकडून गेल्याशिवाय फोल्डरमध्ये टाकायचा नाही, असं करता येईल का?"

सरांनी ते मान्य केलं. पद तेच राहिलं.

मी जूनमध्ये लागले. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेली, आणि पहिल्याच आठवड्यात एक जार घालायचा म्हणून टायपिस्टकडे अर्ज द्यावा लागतो हे कळल्यावर मला हसू आलं. अर्ज म्हणजे एक कागद. कुठून आणला, कशासाठी, कोणती आवृत्ती. त्या तो जार उघडून यादीशी ताडून बघायच्या आणि तासाभरात हो किंवा नाही सांगायच्या. नाही म्हटलं तर कोणती नावं दोनदा येतात ते लिहून द्यायच्या. त्याला हुज्जत घालायला जागा नसे, म्हणून आम्ही पाठीमागे कुरकुरायचो.

ऑगस्टमध्ये मला एक क्लास हवा होता. जुन्या कोडमध्ये त्याचा उल्लेख होता, मशिनवर तो चालतही होता, पण आहे कुठे ते कळत नव्हतं. मी सविताताईंना विचारलं. त्यांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली.

"हा आपल्याकडे नाही."

"पण चालतोय, ताई."

"यादीत नाही."

मला तो सापडला तो योगायोगाने. एका मोठ्या जारच्या आत आणखी एक छोटा जार बांधलेला होता आणि क्लास त्या आतल्यात होता. मशिन चालू होताना आमचाच एक जुना कोड तो आतला जार बाहेर काढून वापरत होता. वरून यादी काढली तर आतल्या जारचं फक्त नाव दिसतं, त्यातल्या क्लासची नावं दिसत नाहीत. मी जाऊन सांगितलं. खरं सांगायचं तर थोड्या आनंदानेच सांगितलं.

सविताताईंनी माझ्या मशिनवर येऊन ते बघितलं. "म्हणजे माझी यादी चुकीची आहे," त्या म्हणाल्या.

"एवढं काही नाही, एकच राहिला."

"एक तुला दिसला, तृप्ती. किती असतील ते आपल्याला माहीत नाही."

त्यांनी सगळे जार पुन्हा उघडले. नऊ दिवस गेले. पाच जारमध्ये आतले जार निघाले, एकूण सहाशे चाळीस नावं. यादी नव्याने छापली आणि पहिल्या पानावर लिहिलं की आधीची यादी अपुरी होती, ती वापरू नये, आणि राहिलेली चूक तृप्ती महाले यांनी दाखवली. माझं नाव कामाच्या कागदावर पहिल्यांदा आलं ते असं. त्यानंतर मी कुरकुरले नाही.

त्याच सुमाराला मी त्यांना थोडं जावा शिकवायला लागले. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. मला वाटलं होतं की त्यांना प्रोग्रॅमर व्हायचं असेल. तसं नव्हतं. त्यांना यादी आपोआप करणारा एक लहान कार्यक्रम लिहायचा होता, जो जारच्या आतले जारही उघडून बघेल. तीन महिन्यांत तो त्यांनी लिहिला. काही ठिकाणी उगाच लांबण लावली होती, पण चालत होता. त्या नऊ दिवसांचं काम तो सहा मिनिटांत करायचा.

"आता पुन्हा तुम्ही तुमचं काम संपवलंत," मी म्हणाले.

"यादी करणं संपलं," त्या म्हणाल्या. "बघायचं कुणीतरी लागतंच."

दोन हजार आठमध्ये पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने आमचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्यांची तीन माणसं दोन दिवसांसाठी आली. कोड पाहिला, फोल्डर पाहिला आणि कोणता जार का आहे असं विचारायला सुरुवात केली. अमितसरांनी सविताताईंकडे बोट दाखवलं. दोन दिवस त्या तिघांनी मुख्यतः त्यांच्याशीच बोलून काढले. जाताना त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचं शिक्षण कशातलं?" सविताताईंनी सांगितलं. त्या बाईंनी लिहून घेतलं.

महिनाभराने पत्रं आली. अमितसर मोकळे झाले, चौघांना नारळ मिळाला. मला आणि सविताताईंना ठेवलं, नाशिकमध्येच, कॉलेजरोडला दोन खोल्या भाड्याने घेऊन. त्यांच्या पत्रावर पदाचं इंग्रजी नाव असं लांबलचक होतं की ते त्यांनी आईला वाचून दाखवलं तेव्हा चंद्रभागाबाईंनी एवढंच विचारलं, "कायम का?"

"कायम."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

आता इंटरनेटवर अशी ठिकाणं आहेत की क्लासचं नाव टाकलं की तो कोणत्या जारमध्ये असतो ते लगेच सांगतात. मयूरने पुण्याहून फोन करून सविताताईंना त्यातलं एक कळवलं. त्यांनी आमच्या यादीतली पन्नास नावं त्यावर टाकून बघितली. एकेचाळीस बरोबर आली. उरलेली नऊ आम्ही स्वतः लिहिलेल्या जारमधली होती, ती जगाला माहीत असायचं कारण नाही. सोपी नावं त्या आता तिथेच शोधतात, वेळ वाचतो म्हणतात. दर सोमवारी त्यांचा तो सहा मिनिटांचा कार्यक्रम चालतो, आणि दोन ठिकाणी निघालेली नावं त्या दुपारपर्यंत पुण्याला कळवतात.